चौथा रकाना: एका हिशोबाच्या वहीचं प्रकरण

हे प्रकरण लिहून ठेवायचं माझं दोन वर्षं चाललंय, पण मधी एक घोळ मीच घातला होता आणि तो लिहायची लाज वाटायची म्हणून राहून गेलं. आता लिहितोच. गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं, मांजरा नदीच्या काठचं, नाव लिहीत नाही. ज्या बाईची ही वही, तिचं पण नाव नाही. गावाच्या नात्यानं मी तिला वैनी म्हणतो आणि ती मला भाऊजी, तेच इथं चालवतो. एक-दोन तपशील मुद्दाम फिरवलेत. आणि हे सगळं आधी तिला वाचून दाखवलंय, ते का, ते पुढं येईलच.

मी गावातल्या ड वर्ग, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयाचा ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे झाडू मारणारा, रजिस्टर लिहिणारा, पेपर लावणारा आणि कपाटातली वाळवी बघणारा, सगळा एकच माणूस. ड वर्गाला वर्षाला 30 हजार अनुदान होतं, 2022 ला 60 टक्के वाढ झाली तवा 48 हजार झालं, त्यातच पेपर, पुस्तकं, लाईट बिल आणि माझा पगार. त्यामुळं घर शेतीवर चालतं आणि लायब्ररी हौसेवर. पेपर वाचायला ओट्यावर बाप्ये बसलेले असतात, पुस्तकं न्यायला पोरं येतात, आणि बाया, खरं सांगायचं तर, 2022 पर्यंत एकही नव्हती. चार बाप्ये पाय पसरून बसलेल्या ओट्यावरनं कोणती बाई आत येणार. हे मला तवा सुचलंच नव्हतं, मी म्हणायचो बायांना वाचायची आवड नाही.

काय झालं होतं

2021 च्या सप्टेंबरअखेरीला गुलाब चक्रीवादळाचा पाऊस आला. धनेगावला मांजरा धरणाचे 18 च्या 18 दरवाजे उघडले, नदीकाठचं सोयाबीन उभ्या जागी सडलं, काहींची तर रानातली मातीसुद्धा वाहून गेली. वैनीच्या घरची दीड एकर त्यातच. दिवाळी झाली आणि पंधरा दिवसात तिच्या मालकानं जीव दिला. घरात मागं वैनी, सासू आणि चौथीतला पोरगा.

शेतकरी आत्महत्येच्या घराला सरकारी मदत 1 लाखाची, 30 हजार रोख आणि 70 हजार ठेव म्हणून. पण प्रकरण पात्र ठरायला कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा लायसनवाल्या सावकाराचं लागतं. यांचं सगळं हातउसनं आणि उधारीचं, कागद एक नाही. प्रकरण अपात्र. म्हणजे ज्या कर्जापायी माणूस गेला ते कर्ज सरकारदरबारी नव्हतंच, आणि दारात मात्र रोज होतं. तेरावं झालं आणि माणसं यायला लागली. कुणी म्हणे पाच हजार, कुणी म्हणे बियाण्याचे अकरा, कुणी नुसतंच म्हणे "राहू द्या वैनी, बघू नंतर", ते तर जास्तच लागतं.

वैनी बोलायचीच बंद झाली. सातवी शिकलेली, बोलकी बाई, बचतगटाचं रजिस्टर तीच लिहायची. आता सासू म्हणायची, "भिंतीकडं तोंड करून बसायलीय, जेव म्हणलं की जेवायलीय, बस म्हणलं की बसायलीय."

माझा पहिला उपाय

पोरगा लायब्ररीत 'किशोर' न्यायला यायचा. त्याच्याच हाती मी एक पुस्तक पाठवलं, जिद्दीनं उभं राहायचं वगैरे, कव्हरवर उगवता सूर्य. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः आली, उन्हाची, ओट्यावर कुणी नव्हतं तवा. पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "भाऊजी, दोन पानं वाचली. हे सगळे जिंकलेले लोक हायेत."

अजून ते वाक्य कानात आहे माझ्या. पुस्तकांनी उपचार करायचे याला जो बिब्लिओथेरपी शब्द आहे तो 1916 साली सॅम्युएल क्रॉदर्स नावाच्या अमेरिकन पाद्र्यानं एका लेखात पहिल्यांदा वापरला, आणि तो लेख होता गमतीचा, की डॉक्टरसारखं चिठ्ठीवर पुस्तक लिहून द्यायचं. आपण मात्र ते जसंच्या तसं खरं धरून सूर्यवाली पुस्तकं वाटत सुटलोय. माणसाच्या अंगावरनं अजून पूर ओसरला नाही आणि आपण त्याला पोहायचे फायदे वाचायला देतो.

पण ती आली होती ना. जाताना म्हणाली, "एखादी कोरी वही हाय का? कोण किती मागायलंय ते ध्यानात राहीना."

वही

शंभर पानी, शाळेतनं उरलेली, मागच्या पानावर पाढे छापलेले. मी पट्टी घेऊन तीन रकाने आखून दिले: नाव, रक्कम, तारीख. माझं डोकं तेवढंच चालतं. वैनीनं पट्टी माझ्या हातातनं घेतली आणि चौथी रेघ तिनं स्वतः मारली. वर लिहिलं: कशासाठी.

या प्रकरणात माझ्या मते जे काही झालं ते त्या चौथ्या रकान्यानं झालं, बाकी सगळं पुढचं-मागचं.

पहिली नोंद भुसार दुकानाची, 2,430 रुपये, श्रावणातले. कशासाठी? ती बराच वेळ पेन धरून बसली आणि मग लिहिलं, "तेलाचा डबा आणि अर्धा किलो खजूर. खजूर मी मागितला होता, उपासाला." लिहिलं आणि रडली. तेराव्यानंतर पहिल्यांदा, असं सासूनं नंतर सांगितलं. मी काय करावं कळेना म्हणून पेपर तोंडापुढं धरून बसलो, तो उलटा होता हे बऱ्याच वेळानं दिसलं.

मग तिनं एक पद्धतच पाडली. पैसे मागायला आलेल्या माणसाला हाकलायचं नाही, बसवायचं, पाणी द्यायचं, वही उघडायची आणि विचारायचं, "कधी नेले होते आणि कशाला म्हणून नेले होते, सांगा, लिहून घेते." आता माणूस उधारी वसूल करायला आलेला असतो, त्याला असं कुणी विचारलं की आधी चिडतो, मग आठवायला लागतो, आणि आठवायला लागला की मालकाबद्दल बोलायला लागतो. एकजण म्हणाला पाच हजार नेले होते तुमच्या दवाखान्याला. वैनीला वाटत होतं शेळी विकून भागवलंय. एकानं सांगितलं, माझ्याकडनं नेलेले पैसे त्यानं दुसऱ्याला दिले, त्या दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात. चौदा नावं झाली त्या वहीत. चौदा माणसांनी तिच्या ओसरीवर बसून तिच्या नवऱ्याबद्दल चांगलं-वाईट काहीतरी सांगितलं, आणि गावात याच्या आधी काय चाललं होतं तर त्या घरापुढनं जाताना मान खाली घालून चालायचं.

ऊसतोडीचा एक मुकादम आला. म्हणाला कोयत्याची उचल घेतली होती चाळीस हजार, आता पोरगा आणि तू तरी चला तोडीला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल म्हणजे तोडीआधी घेतलेले आगाऊ पैसे, हे बीडबाहेरच्यांसाठी सांगतो. वैनीनं विचारलं कधी दिले. तो म्हणाला 28 सप्टेंबरला, घरी येऊन, हातात. वैनी वहीत बघत शांतपणे म्हणाली, "त्या दिशी पुलावरनं पाणी होतं, गावात कुत्रं सुदिक आलं नाही. तुमी पोहत आलाव का?" ते नाव तिनं त्याच्यासमोर खोडलं. ही गोष्ट गावात दोन दिवस फिरली. माझ्या मते तिची मान वर व्हायला तिथनं सुरुवात झाली, पण हे माझं मत.

मला एकदा म्हणाली, "राग होता भाऊजी, की मला काहीच सांगितलं नाही यांनी. राग अजून हाय. पण कशाकशाचा हाय ते तरी कळलं."

मी केलेले दोन घोळ

पहिला. मी मोबाईलवर वाचलं की अमेरिकेत जेम्स पेनेबेकर म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या पोरांना चार दिवस रोज 15 मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. 1986 ला ते छापून आलं. ज्यांनी घडलेली हकीकत आणि त्याबद्दल काय वाटलं ते दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढचे काही महिने कमी झाल्या. नुसती हकीकत लिहिणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. मी उड्याच मारल्या, म्हणलं हा तर आपला चौथा रकाना. आणि वैनीला सांगितलं रोज रात्री 15 मिनिटं लिहायचं, चार दिवस, त्या दिवसाबद्दल.

दोन रात्री तिनं लिहिलं आणि दोन्ही रात्री झोपली नाही. तिसऱ्या दिवशी हात थरथरत होते. तवा मी बाकीचं नीट वाचलं, की त्या पोरांना सुद्धा लिहिल्या लिहिल्या आधी वाईटच वाटलं होतं, आणि नंतर 2006 मध्ये अशा 146 अभ्यासांची एकत्र बेरीज मांडली गेली तवा फायदा निघाला, पण छोटासा. शिवाय ती कॉलेजची पोरं, लिहायला स्वतंत्र खोली, वाचणारं ओळखीचं कुणी नाही. इथं एक खोली, त्यात सासू, पोरगा, आणि वही लपवायची तर ज्वारीच्या कोठीमागं. मी ते बंद करायला सांगितलं आणि आशाताईला बोलावलं, तिनं सरकारी दवाखान्यात नेऊन दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या अजून चालू आहेत. हे मुद्दाम लिहितो कारण वहीनं बरी झाली असं कुणी सांगत फिरू नये. (तवा आम्हाला काही माहीत नव्हतं, आता 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, ऑक्टोबर 2022 पासून, तो लायब्ररीच्या दारावर रंगवून घेतलाय.)

दुसरा घोळ मोठा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलामसाहेबांची जयंती. 2022 ला आमच्या शाळेत कार्यक्रम होता, मला भाषण करायचं होतं, आणि वैनीनं वाचायला म्हणून दिलेल्या वहीतलं एक पान मी माझ्या भाषणात वाचलं. तेच, खजुराचं. नाव घेतलं नाही. आता गावात नाव न घेणं म्हणजे काय, खजूर म्हणलं की सगळ्यांना कळलं. बाया डोळे पुसत होत्या, सरांनी पाठ थोपटली, मी फुगून घरी आलो.

संध्याकाळी पोरगा आला, वही परत मागितली आणि म्हणाला आई म्हणाली आता लायब्ररीत येणार नाही.

नाही आली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी दोनदा गेलो, ती आतनं बाहेर आली नाही. तिसऱ्यांदा सासूनं ओसरीवर बसवलं आणि सुनावलं, "तिचं दुखणं तिनं पानात ठिवलं होतं, तुमी भाकरीसारखं वाटलंव." मी हात जोडले. दुसरं काय करणार. तेव्हापासून लायब्ररीत नियम आहे, कुणाचं लिहिलेलं त्याला विचारल्याशिवाय तोंडातनं काढायचं नाही, चांगलं असलं तरी नाही, चांगलं असलं तर जास्तच नाही.

पोथी

गाडी परत रुळावर आणली ती मी नाही, त्याचं श्रेय 2023 च्या अधिक श्रावणाला. त्या साली श्रावण दोनदा, 18 जुलैपासून. आमच्याकडं श्रावणात गल्लोगल्ली पोथी लावतात, हे सांगायला नको. वैनीच्या गल्लीत हरिविजय लावायची परंपरा, 36 अध्याय, रात्री जेवणं झाली की. वाचणाऱ्या आजीला मोतीबिंदू उतरला, दुसऱ्या कुणाला ओवीबद्ध वाचायचा सराव नाही, पोरी मोबाईलवाल्या, जोडाक्षराला अडखळतात. कुणीतरी वैनीचं नाव काढलं. लगेच दोघी म्हाताऱ्या म्हणाल्या, विधवेनं पोथी कशी वाचावी.

आदल्याच साली मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला होता, सरकारनं बाकी गावांना पण आवाहन केलं होतं, पेपर आमच्याच ओट्यावर वाचला गेला होता, आणि बाप्ये "चांगलं केलं" म्हणून चहाला गेले होते. गल्लीत ठरावानं काही होत नाही. गल्लीत झालं ते सासूमुळं. ती म्हणाली, "मी बी विधवाच हाय, चाळीस वर्षं झाली पोथी ऐकायलीय, आजूक देवाचा कान किटला नाही. डोळे कुणाचे चालतेत तेवढं सांगा."

पहिल्या रात्री सात बाया होत्या. मी लांबनं, शेजारच्या कट्ट्यावरनं ऐकत होतो, आत जायची हिंमत नव्हती. वैनीचा आवाज पहिल्या पाच-सहा ओव्यांना बसलेला, मग एकदम मोकळा झाला. मधीच लाईट गेली, कुणीतरी मोबाईलची बॅटरी धरली आणि ती थांबलीच नाही. रोज एक अध्याय, कधी दोन. अध्याय संपला की अर्थ सांगायचा असतो, तो ती तिच्या पद्धतीनं सांगायची आणि त्यावर बाया आपापलं काढायच्या, कुणाची सासू, कुणाचा दारुडा, कुणाची न येणारी पाळी. समाप्तीच्या दिवशी मोठा प्रसाद झाला आणि मग प्रश्न पडला की उद्यापासून रात्री बसायचं कुठं आणि कशासाठी.

वैनीनं पोराला पाठवलं, "काकांना विचार, गोष्टीचं पुस्तक हाय का, मोठ्या अक्षराचं." दहा महिन्यांनी माझ्याशी पहिला व्यवहार.

तेव्हापासून गुरुवारी दुपारी 12 ते 2 लायब्ररी बायांची. बाप्यांना ओट्यावर बंदी, थोडी कुरकुर झाली, पेपर मी पारावर नेऊन ठेवायला लागलो, मिटलं. पद्धत पोथीचीच ठेवली: एकीनं वाचायचं, थांबायचं, बाकीच्यांनी बोलायचं, परत वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही त्या पण पूर्ण सभासद. मला वाटतं पुस्तकांचे गट आपल्याकडं चालत नाहीत ते यामुळं की आपण म्हणतो घरनं वाचून या. घरनं कोण वाचून येणार. ऐकायला सगळे येतात.

लिहिणं परत सुरू झालं ते भलत्याच बाजूनं. एका गुरुवारी सासूनं जात्यावरच्या ओव्या म्हणल्या, आणि वैनीला म्हणाली लिहून घे, मी मेल्यावर कोण म्हणायलंय. जनाबाईचं गंगाखेड काही लांब नाही, दळण आणि गाणं आमच्याकडं एकच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्यात, आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्या सुद्धा. ते ऐकल्यावर सासूला फार गंमत वाटली, की हे पण कुणी जमवतं. मग जुन्या संपल्या आणि एक दिवस तिनं स्वतःची नवी म्हणली. ही विचारून छापतोय:

सोयाबीन काळं झालं, पाणी वावरी तुंबलं
माझ्या लेकराचं दुःख, सुनंच्या वहीत सांडलं

जवळजवळ दोन वर्षं त्या दोघी एका खोलीत राहून त्या माणसाबद्दल एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. वैनीनं ती ओवी लिहून घेतली, त्याच वहीत, चौथ्या रकान्यात, कारण बाकीच्या तीन रकान्यांत काही लिहिण्यासारखं नव्हतंच.

आज कुठं आहे

चौदातली मुकादमाचं धरून दोन नावं खोडली, सहा फिटली, तीन जणांनी सोडून दिले, बाकीचे हप्त्यानं चालू आहेत. संजय गांधी निराधारचा अर्ज तिनं स्वतः लिहिला, मंजूर झाला, महिन्याला 1,500 येतात. आता गल्लीतल्या बायांचे अर्ज तीच लिहिते. अर्ज लिहिताना त्या बाया जे सांगतात ते अर्जात मावत नाही, तर एकीला तिनं वही घेऊन दिली. अशा पाच वह्या आहेत गावात मला माहीत असलेल्या, मी एकही उघडून बघितलेली नाही.

सगळं छान झालं असं नाही. सप्टेंबरअखेर आली आणि आभाळ भरलं की वैनी दोन-तीन दिवस बाहेर पडत नाही, गुरुवार बुडतो, बाया समजून घेतात. पोरगा आता वाढलाय, बापाबद्दल बोलत नाही, पुस्तकं पण बंद केलीत त्यानं, क्रिकेट आणि मोबाईल. वैनी म्हणते त्याला धरून बसवायचं नाही. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक अजून गुरुवारी येत नाही, दुसरी येते आणि सगळ्यात जास्त बोलते.

परवा हे सगळं वाचून दाखवलं, लायब्ररीत, गुरुवार सोडून, दोघी सासू-सुना समोर. घोळाचा भाग वाचताना मी जरा भरभर वाचलं तर सासू म्हणाली सावकाश. शेवटी विचारलं, छापू का? वैनी म्हणाली, "समदं बरोबर हाय भाऊजी. फकस्त भुसारचे 2,340 नव्हते, 2,430 होते. तेवढं नीट करा."

वर नीट केलंय.